प्रेमाचे रकाने

आमच्या वाचक मंडळाला फेब्रुवारीत एक कार्यक्रम करायचा होता, 'जुन्या मासिकांतलं प्रेम'. दीड तास अभिवाचन, मग चहा आणि बटाटेवडे. वेचे निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी रिकामीच असते असा मंडळातल्या सगळ्यांचा गोड समज आहे. मला ते पथ्यावरच पडलं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायला मी निमित्तच शोधत असते.

प्रेमकविता पोत्याने मिळाल्या. १९२० ते १९४० या काळातलं कुठलंही मासिक उघडावं, पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत चांदणं, हुरहुर आणि कुणी तरी निष्ठुर सखी बसलेलीच असते. १९२३ साली पुण्यात कवींचं रविकिरण मंडळ जमलं आणि प्रेमाच्या कवितेला सुगीचे दिवस आले. त्यातल्या काही कविता आजही ताज्या वाटतात, पण त्यांच्या मागोमाग जी पलटण निघाली तिच्यातल्या एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जावी. अत्र्यांनी १९२५च्या सुमारास या सगळ्याची जी खिल्ली उडवली ती उगाच नाही. रोज गुलाब पाठवणाऱ्या प्रियकराला शेवटी कळतं की तिने त्या फुलांचा गुलकंद घातला. हे वाचून हसलेला महाराष्ट्र त्याआधी किती कंटाळलेला असेल! आणि गंमत बघा, माधव जूलियनांना लोक प्रणयपंढरीचे वारकरी म्हणायचे, पण त्यांची घराघरांत पाठ असलेली कविता कुठली, तर 'प्रेमस्वरूप आई'.

तर कवितांचा कंटाळा आला आणि मी पानं उलटत राहिले. प्रेम भेटलं ते भलत्याच ठिकाणी. कोर्टाच्या बातमीत, वर्गणीच्या तगाद्यात, मृत्युलेखात, शंकासमाधानाच्या सदरात, पार शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींत. जिथे लिहिणाऱ्याला आपण प्रेमाबद्दल लिहितोय असं वाटतही नव्हतं, तिथे. कार्यक्रमात यातलं फारसं वाचता आलं नाही. बटाटेवड्यांच्या आधी कोर्टकचेरी कोण ऐकणार? म्हणून इथे लिहिते आहे.

प्रेमावरून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त शाई कधी सांडली असेल, तर माझ्या मते १८८४ ते १८८८ या काळात. आणि ती सांडली अशा नवरा-बायकोपायी, जे एक दिवसही एकत्र नांदले नव्हते.

रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं. तिचे वडील आधीच वारलेले. आईने, जयंतीबाईने, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केलेला. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. लग्नानंतरही रखमाबाई माहेरीच राहिली, सावत्र वडिलांच्या घरातल्या पुस्तकांत रमली. दादाजी त्याच्या मामाकडे राहायचा. शाळा सुटलेली, तब्येत तोळामासा, कमाई नाही. १८८४ साली त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोने नांदायला यावं. तिने सरळ सांगितलं, येणार नाही. अजाण वयात माझं लग्न लावून दिलं, मला कुणी विचारलं नव्हतं. त्याची परिस्थिती ही अशी, ज्या मामाच्या घरी जायचं तिथलं वळण असं.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. कधीही सहवास न झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणं हे त्यांना रानटीपणाचं वाटलं. शिवाय त्यांनी एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली, की नांदायला लावायचा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलाय. म्हणजे धर्म बुडाला म्हणून जे छाती पिटत होते, ते वाचवत होते परक्यांचा कायदा! दादाजीने अपील केलं, निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: एक महिन्यात नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. तिने कळवलं, कैद चालेल.

या काळातले लेख वाचताना मी एक खेळ करत होते. पेन्सिल नाही वापरता येत, म्हणून बोटच ओळीखाली फिरवत जायचं आणि कुठे प्रेम येतं ते बघायचं. धर्म येतो, शास्त्र येतं, ताबा येतो, हक्क येतो, मिळकत येते, कोर्टखर्च येतो. प्रेम आलंच तर ते फळासारखं येतं, म्हणजे झाड लावा, यथाकाल लागेलच. लहानपणीच गाठ मारली की माया आपोआप जडते, हा बालविवाहाच्या कैवाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद होता. टिळकांनी दादाजीची बाजू उचलून धरली. लग्न हा संस्कार आहे, त्याच्यात मर्जीचा प्रश्न कुठे येतो, असा एकूण सूर. आजच्या वाचकाला राग येतो, येऊ दे. पण तो राग थोडा बाजूला ठेवला तर लक्षात येतं की त्यांच्या लेखी प्रेम ही लग्नाची अट नव्हतीच, ते लग्नातून निघणारं उत्पन्न होतं. अट म्हणून ते पहिल्यांदा मांडलं ते या बाईने, आणि तेही प्रेमाचं नाव न घेता. तिने फक्त नकार दिला.

तिने लिहिलंही. 'टाइम्स ऑफ इंडिया'त १८८५ साली 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर आलेली पत्रं तिची होती. खटला चालू असताना, स्वतःचं नाव झाकून. संपादकाला पत्र हा प्रकार आपण आज रस्त्यावरचे खड्डे आणि लोकलची गर्दी यांच्यासाठी राखून ठेवलाय, म्हणून ही पत्रं वाचताना जरा दचकायला होतं.

१८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजीने हुकमाची बजावणी सोडून दिली. राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून लग्न मोडलं वगैरे कथा फिरतात, त्यापेक्षा हा दोन हजारांचा व्यवहार मला जास्त बोलका वाटतो. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरतेला आणि राजकोटला तिने वर्षानुवर्षं बायकांची इस्पितळं सांभाळली. आणि मग १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा या डॉक्टरीणबाईने पांढरं वस्त्र नेसायला सुरुवात केली.

इथे आमच्या मंडळात वादावादी झाली. एकीचं म्हणणं, शेवटी हरलीच ना! दुसरीला त्यात कुठे तरी प्रेम दिसलं, जे मला अजिबात पटलं नाही. मला वाटतं, ज्याच्याशी नांदायचं नाही म्हणून जिने तुरुंगात जायची तयारी दाखवली, तिने त्याच्या माघारी काय नेसावं हे तिचं तीच ठरवणार. तिला हुकूम नको होता, इतकंच. हुकमाशिवाय ती काय करेल यात इतरांनी नाक खुपसायचं कारण नाही, माझ्यासकट.

छापील कागदावर न आलेलंही एक सांगते, जरा आधीचं असलं तरी. १८६८ साली सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र आहे. गणेश नावाचा पोथी-पंचांग सांगत गावोगाव फिरणारा ब्राह्मण, आणि सारजा नावाची महार मुलगी. दोघांचं जमलं, तिला दिवस गेले. गावाने दोघांना मारायला काढलं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला, म्हणून जीव वाचले, आणि त्यांनी त्या दोघांना जोतिरावांकडे पाठवून दिलं. दुसऱ्याच वर्षी, १८६९ साली, मुंबईत सुधारकांच्या पुढाकाराने विधवाविवाह लागला आणि पुढे पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झडला. वादाचा विषय काय, तर पराशरस्मृतीतल्या एका श्लोकाचा अर्थ. नवरा मेला, परागंदा झाला, संन्यासी झाला तर बाईला दुसरा पती चालतो का, आणि तो श्लोक कलियुगाला लागू आहे का. सुधारक आणि सनातनी दोघेही त्या श्लोकाच्या दोन टोकांना धरून ओढत होते. गणेश आणि सारजाला कुठल्याही श्लोकात जागा नव्हती. ते एका बाईने नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात राहिले. आणि त्या पत्राबद्दल काय बोलावं! नवऱ्याला कळवायच्या गोष्टींत बाई कुशल विचारते, मग हे लिहिते आणि त्या दोघांना त्याच्याकडे धाडते, त्याला विचारायची गरज न वाटता. नवरा-बायकोतला असला विश्वास मी मासिकांतल्या चांदण्यात फार शोधला.

मृत्युलेख हा प्रकार मला पहिल्यापासून आवडतो. मैत्रिणी नाकं मुरडतात. पण माणूस मेल्यावर रागलोभाचा हिशेब जसा उघडा पडतो तसा एरवी पडत नाही. टिळक आणि आगरकर यांची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून ठाऊक असते, ती 'आधी कोण' या एका प्रश्नात कोंबलेली, राजकीय की सामाजिक. मी ती अलीकडे मैत्रीची गोष्ट म्हणून वाचते. १८८१च्या जानेवारीत दोघांनी मिळून 'केसरी' आणि 'मराठा' काढले. कोल्हापूरच्या प्रकरणात अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. बाहेर आल्यावर पुढचे बेत आखले, कॉलेज, संस्था. आणि मग पाच वर्षांत सगळं बिनसलं. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं, दुसऱ्या वर्षी 'सुधारक' काढलं, आणि हे दोन जिवलग आपापल्या पत्रांतून एकमेकांना सोलून काढू लागले. वाईट म्हणजे दोघांनाही उत्तम मराठी येत होतं, त्यामुळे घाव बरोबर बसायचे.

याच आगरकरांनी 'सुधारका'त प्रियाराधनावर लिहिलं. तरुण-तरुणींनी एकमेकांना पारखून जोडीदार निवडावा, हे मराठीत ठामपणे, लाज न बाळगता मांडणारा हा माणूस. दम्याने खंगलेला, पैशाच्या नावाने ठणठणाट, पुण्यात ज्याची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. आपल्या अंत्यविधीचा भार कुणावर नको म्हणून त्याने पैसे पुडीत बांधून ठेवले होते असं सांगतात. जून १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. 'केसरी'त टिळकांनी मृत्युलेख लिहिला. मृत्यूच्या त्या रूपापुढे लहानसहान मतभेद विसरायला होतात, जुन्या गोष्टी एकसारख्या मनात येतात आणि बुद्धी व लेखणी गोंधळून जातात, अशा अर्थाचं त्यात आहे. टिळकांच्या लेखणीला गोंधळलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. तो माणूस स्वतःवर खटला चालू असतानाही गोंधळत नसे. मतभेद लहानसहान होते असं त्यांना खरंच वाटलं असेल का? मला शंका आहे, आठ वर्षं कुणी लहानसहान गोष्टींसाठी भांडत नाही. पण त्या एका दिवसापुरतं ते लहान व्हावेत असं त्यांना वाटलं, हे कमी नाही.

गोष्टी आणि कादंबऱ्यांकडे मी भराभर आले, कारण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने एका विधवेची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली. १८९५ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' सुरू केलं, ज्याचा १९०९चा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला. या गोष्टींमधली नवरा-बायको वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचं ते माडीवर, रात्री, दिवा मालवायच्या आत. आणि दिवसा तिच्या तोंडी तो म्हणजे 'इकडची स्वारी'. 'इकडून येणं कधी झालं?' कर्ताच गायब. माझी आजी असंच बोलायची आणि आम्ही नातवंडं तिची नक्कल करायचो. पण आजोबांना यायला उशीर झाला की ती ताट झाकून ओटीवर येऊन बसायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, आत उकडतंय. पौषातही उकडायचं तिला.

आता ज्या मासिकाची पानं कार्यक्रमात वाचायची माझी फार इच्छा होती आणि जे अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत नाकारलं, ते 'समाजस्वास्थ्य'. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी नोकरी गेली. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. ती उत्तरं म्हणजे एक नमुना आहे. कुणी तरी चार ओळी लाजत, आडवळणाने, 'माझा एक मित्र' म्हणून प्रश्न विचारलेला असायचा, आणि कर्वे दीड वाक्यात, गणिताचं उत्तर द्यावं तसं सांगून मोकळे. त्यात धीर नाही, उपदेश नाही, गोंजारणं तर नाहीच. आजच्या सल्ल्याच्या सदरांतल्या साखरपाकाची सवय असेल तर कडूच लागतं. प्रेम, लग्न आणि शरीरसुख ही तीन वेगळी खाती आहेत, त्यांची बेरीज झाली तर उत्तम, पण ती झालीच पाहिजे असा नियम नाही, असं त्यांचं एकूण मत. तेव्हा लोकांना हे अश्लील वाटलं. मला ते विलक्षण सभ्य वाटतं. कोण कुठला वाचक, आडगावाहून पोस्टकार्ड टाकतो, ज्याला हे विचारायला दुसरं कुणी नाही, आणि मुंबईतला एक विक्षिप्त प्राध्यापक पदरमोड करून त्याला खरं उत्तर छापून देतो. यालाही प्रेम म्हणता येतं की नाही? कर्व्यांना विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हणून सांगितलं असतं, आणि तेही अर्ध्या वाक्यात.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात, जो नेमका वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच झाला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं मासिक आहे, वाचक प्रश्न विचारणार, त्यांना उत्तरं द्यायची नाहीत तर मासिक चालवायचं कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. प्रश्न विकृत आहेत म्हणावं तर विकृती ज्ञानानेच जाते. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. त्या काळी कर्व्यांच्या वाटेला जाणं म्हणजे बदनामी ओढवून घेणं, आणि आंबेडकरांना स्वतःच्या लढाया काय कमी होत्या?

आंबेडकरांची आणखी एक नोंद मला 'बहिष्कृत भारत'मध्ये भेटली, आणि या सगळ्या शोधात तीच मला सगळ्यात जास्त पुरून उरली. हे पाक्षिक त्यांनी एप्रिल १९२७ मध्ये सुरू केलं, महाडच्या सत्याग्रहानंतर लगोलग. पैसा नाही, माणसं नाहीत, रकानेच्या रकाने स्वतः लिहायचे. १९२८च्या फेब्रुवारीत त्यांनी एक लेख लिहिला, 'बहिष्कृत भारता'चं समाजावर जे ऋण झालंय त्याबद्दल. म्हणजे खरं तर वर्गणी आणि मदतीचं आवाहन. संपादकांनी वर्गणीसाठी गळा काढायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण या लेखात मध्येच, आपण किती त्याग केला याचा हिशेब मांडताना, एक लांबलचक वाक्य येतं. त्यात ते स्वतःला 'मी' म्हणत नाहीत, 'प्रस्तुत लेखक' म्हणतात. प्रस्तुत लेखक परदेशी असताना जिने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली. तो परत आल्यावर त्याच्या पडत्या काळात शेणाचे भारे स्वतःच्या डोक्यावरून आणायला जिने मागेपुढे पाहिलं नाही. अशा ममताळू बाईच्या सहवासात त्याला चोवीस तासांतला अर्धा तासही घालवता आला नाही. वाक्य संपतं, लेख पुढे पैशांकडे वळतो.

रमाबाईंचं नाव त्या वाक्यात नाही. 'प्रस्तुत लेखक' हा शब्द मी आयुष्यभर कचेरीतल्या टिपणांत वापरला, 'प्रस्तुत अर्जदार', 'प्रस्तुत प्रकरणी'. माणसाला लपवायला यासारखा पडदा नाही. आंबेडकरांनी तो पडदा ओढून घेतला आणि त्याच्याआडून जे बोलले ते उभ्या अंकात दुसरं कुणी बोलू शकलं नसतं. चार मुलं गेलेली, परळच्या चाळीतल्या खोल्या, नवरा घरात असून पुस्तकांत बुडालेला, आणि बाहेर गेला की समाजाचा झालेला. तो जाहीरपणे, आपल्याच पत्रात, आपल्या वाचकांना सांगतो की तुमच्या ऋणाच्या वहीत हा अर्धा तासही धरा. नवऱ्याने बायकोची माफी मागावी तर घरात मागावी, असं कुणी म्हणेल. घरात मागितली असेल-नसेल, ते त्यांचं त्यांना माहीत. पण समाजाने ती रक्कम आपल्या नावे मांडून घ्यावी ही मागणी घरात करून उपयोग नव्हता. कर्व्यांचा खटला १९३४चा. रमाबाई मे १९३५ मध्ये गेल्या.

याच्या नंतर साने गुरुजींकडे यावं तर एकदम उन्हातून सावलीत आल्यासारखं होतं. १५ ऑगस्ट १९४८ला त्यांनी 'साधना' सुरू केलं आणि त्यात पुतणीला, सुधाला, पत्रं लिहिली. फुलं, पाखरं, तारे, वाचलेली पुस्तकं. जगाला प्रेम अर्पावं म्हणणाऱ्या या अविवाहित माणसाला प्रेम कुणा एका पत्त्यावर पाठवायला सुधा हवी होती, हे मला फार बरं वाटतं. एरवी गुरुजींचं ओसंडणं मला थोडं जड जातं, खरं सांगते. पत्रांत ते जात नाही, कारण समोर एक मुलगी आहे आणि तिला कंटाळा येऊ नये ही काळजी आहे.

राहता राहिल्या जाहिराती. मासिकांचे बांधीव खंड करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं फाडून टाकायची आपल्याकडे रीत होती. बाइंडरला जाडी कमी हवी, ग्रंथपालाला जागा. त्यामुळे कविता सगळ्या शाबूत आणि जाहिराती गायब! ज्या खंडांत त्या चुकून राहिल्यात तिथे काय बहार आहे: केसांची तेलं, मासिक पाळीवरचे काढे, ओकासासारख्या शक्तीच्या गोळ्या. समोरच्या पानावर कवी विरहाने झुरतोय आणि अलीकडे गोळ्यांची किंमत टपालखर्चासह. दैनिकांचं बरं असतं, तिथे पान फाडायला जागा नसते, छोट्या जाहिराती बातमीला चिकटूनच राहतात.

त्यात एक असायची घर सोडून गेलेल्या मुलाची. धुरकट फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला. 'बाळ, असशील तेथून निघून ये. आई अंथरुणाला खिळली आहे. तुला कोणी रागावणार नाही.' दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात या जास्त दिसायच्या. तिच्याच शेजारी वकिलामार्फत जाहीर नोटीस, की अमुक हा आमचा मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. एकाच रकान्यात दोन बाप. पहिल्याचा मुलगा परत आला असेल तर चार-सहा वर्षांनी तो दुसऱ्या जाहिरातीत जाईल की काय, असा दुष्ट विचार माझ्या मनात येतोच.

आणि 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे'. आमच्या आत्याची जाहिरात माझ्या वडिलांनी लिहिली होती, मी शेजारी बसून बघत होते. शब्दामागे पैसे. वडिलांनी आधी ऐसपैस लिहिलं, मग पेन्सिल घेऊन काटायला बसले. 'सुस्वभावी' गेलं, तो काय भेटल्यावर कळेलच. 'गृहकृत्यदक्ष' गेलं, एका शब्दात बसतं खरं, पण आत्याच हसायला लागली. 'गायनाची आवड' दोन शब्दांची, गेली. उरलं वय, उंची, शिक्षण, पगार, रंग आणि पोटजात. आत्या म्हणाली, दादा, ही मी नाहीच, हा नुसता सांगाडा आहे. वडील म्हणाले, सांगाड्याला पत्रं आली तर बाकीचं आपण त्यांना घरी बोलावून दाखवू. पत्रं आली, आत्याचं लग्न मात्र शेवटी शेजारच्या काकूंच्या ओळखीतून जमलं.

हे सदर मी अजून दर रविवारी वाचते. पुष्कळ बदललंय. घटस्फोटित लिहायला कुणी लाजत नाही, मुली स्वतःच्या अपेक्षा लिहितात, पुण्या-मुंबईत स्वतःचं घर मागतात, सासू-सासऱ्यांबद्दलही स्पष्ट लिहितात. आंतरजातीय चालेल, असंही वारंवार दिसतं. 'जातीची अट नाही', आणि मग कंसात, 'एससी, एसटी क्षमस्व'. शब्दामागे पैसे आजही पडतात. सुस्वभावी कटतं, गायनाची आवड कटते. हा कंस कुणी कापत नाही.